मुदतवाढ

खिडकी क्रमांक तीन. ईरी, पेनसिल्व्हेनिया.
इथे सेलला परवाना लागतो.
साध्या सेलला नाही, शेवटच्या सेलला.
'दुकान बंद होत आहे, सगळं काढायचंय'
असा फलक काचेवर चिकटवायचा
तर आधी माझ्यासमोर उभं राहावं लागतं,
कारण पूर्वी एक गालिचेवाला
अकरा वर्षं बंद होत होता.

त्याच्यापायी हे नियम:
मालाची यादी, नग न् नग.
यादीबाहेरचं काही मागून आणून विकायचं नाही.
साठ दिवस.
एकसष्टाव्या दिवशी खरोखर बंद.

एमिल ग्राबोव्स्की ऑक्टोबरात आले.
काचसामान, चिनी माती.
यादी हाताने लिहिलेली, रेघा पट्टीने मारलेल्या.
कप चारशे तेरा. बशा चारशे नऊ.
चार बशा कुठे गेल्या? मी विचारलं.
विचारायची गरज नव्हती, फॉर्मात तसा रकाना नाही.
एक वादळात, म्हणाले, दार आपटलं तेव्हा.
दोन मुलीने,
दुकानावर 'अँड डॉटर' अशी पाटी चढली त्याच दिवशी.
पाच वर्षांची होती.
आता टूसॉनला लोकांचे दात काढते.
चौथीबद्दल काही बोलले नाहीत.
मी शिक्का मारला.

तासगावला आमचं बांगड्यांचं दुकान.
रात्री फळ्या लावताना मी एकदा म्हणाले,
बाबा, बंद करा ना आता, भूक लागली.
त्यांनी डोळे वटारले.
बंद म्हणू नये. वाढवलं म्हणावं.
बांगडी फुटत नाही, वाढते.
नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात.
आतून आई ओरडली,
आधी मी जेवायला वाढते,
मग तुम्ही काय वाढवायचं ते वाढवा.

अठ्ठावन्नाव्या दिवशी ग्राबोव्स्की पुन्हा खिडकीशी.
टोपीवर तळ्याकडून आलेला बर्फ, तसाच.
मुदतवाढ पाहिजे, म्हणाले.
मिळते. एकदाच, तीस दिवस,
यादीतला माल उरला असेल तर.
किती उरलाय?
कप एकोणीस. बशा पंधरा.
एवढ्यासाठी तीस दिवस?

लोक यायला लागलेत, ते म्हणाले,
नळ गळतोय असं सांगावं तसं.
वीस वर्षं समोरून गाडी न थांबवता गेलेले.
आता रोज येतात. हातमोजे काढतात.
लग्नात इथून घेतलेल्या सूपच्या भांड्याबद्दल सांगत बसतात.
पैसे देऊन झाले तरी उभेच.
आणि काल एक बाई हे देऊन गेली.

त्यांनी रुमाल सोडला.
निळ्या कडेची बशी.
चौऱ्याहत्तर साली हिच्यावरून माझ्या बायकोने
तिच्या आईला केक पाठवला होता,
परत आणायची राहून गेली म्हणे.
यादीत नाही ही. काय करू?

मी नियम उघडला. मला पाठ आहे, तरी उघडला.
यादीबाहेरचा माल विक्रीस ठेवल्यास दंड.
विकू नका, म्हटलं.
विकत नाहीच, ते म्हणाले. ठेवू कुठे?

'मुदतवाढीचे कारण' या रकान्यात
मी टाइप केलं: माल शिल्लक.
शिक्का उमटेना, दोनदा मारावा लागला.
म्हणजे बंद करायला अजून तीस दिवस,
ते स्वतःशीच म्हणाले.
हो, म्हटलं. वाढवायला.
मराठीतच निघालं तोंडातून.
त्यांनी मान हलवली, थँक यू म्हणाले,
आणि कागदाची घडी न करता
तो कोटाच्या आत धरून बर्फात गेले.

बशी विसरले.
किंवा विसरले नसतील.
खिडकीवर भेटवस्तू घेता येत नाही, त्याचा वेगळा नियम आहे.
मी सापडलेल्या वस्तूंच्या वहीत नोंद केली,
तिथेही मुदत तीसच दिवसांची:
बशी एक. निळी कड.
कप नाही.